शंभर वॅटची श्रीमंती

आळंदीहून निघालेल्या माउलींच्या पालखीला पंढरपूर गाठायला अडीच आठवड्यांच्या वर दिवस लागतात. वारकरी दिवसाकाठी वीसएक किलोमीटर चालतात आणि कमावलेल्या पायांनाही तेवढी मजल पुरे होते. आता हेच पाय पायडलवर ठेवून पाहा. पुण्याहून पहाटे निघालेला सायकलवारीचा जथा त्याच दिवशी अंधार पडायच्या सुमारास पंढरपुरात पोचतो. अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडे पुढे. जथ्यात कोणी बँकेत कारकून असतो, कोणी शाळेत शिकवते, साठी ओलांडलेले एखादे आजोबाही असतात. कसलेले खेळाडू त्यात थोडेच.

सायकलला इंजिन नाही की बॅटरी नाही. उलट दहाएक किलोचे धूड आपल्यालाच ओढायचे असते. मग त्याच पायांत, त्याच पोहे-चहावर, एका दिवसात दहापट अंतर कापायची ताकद येते कुठून?

जास्तीची ताकद कुठूनच येत नाही. पायांत होती तेवढीच असते, फक्त ती वाटेत सांडत नाही. रस्त्यावर लांब सायकल चालवणाऱ्याला जे सुख मिळते, पायडल दाबताक्षणी सायकल पुढे झेपावल्याचे जे समाधान असते, त्याचे मूळ मला या न सांडण्यात दिसते. सायकलवर प्रेम करणारी माणसे हवा, तेल, सीटची उंची यांत एवढी का रमतात, याचे उत्तरही तिथेच आहे.

इंजिन केवढे?

थोडाफार सराव असलेला निरोगी माणूस तासन्‌तास पायडल मारत राहिला, तर त्याच्या पायांतून सुमारे 100 वॅट शक्ती मिळते. पूर्वी दिवाणखान्यात लागणारा पिवळा बल्ब 100 वॅटचा असे. आपले अख्खे इंजिन त्या एका बल्बाएवढे. टूर द फ्रान्समधले अव्वल सायकलपटू मोठ्या घाटात अर्धा-पाऊण तास 400 वॅटच्या घरात टिकून राहतात, पण ती जातच वेगळी. साध्या 100 सीसी मोटारसायकलचे इंजिन 5 ते 6 हजार वॅटचे असते. तिथे टायरात हवा कमी असली, साखळी कोरडी पडली, तर चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ज्याच्याकडे शंभरच वॅट आहेत त्याला मात्र प्रत्येक पाच वॅटची गळती पायात जाणवते.

या शंभर वॅटसाठी शरीर खर्च बराच जास्त करते. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी 20 ते 25 टक्केच हालचालीत उतरवतात, बाकीची उष्णता होते. पायडलवर 100 वॅट पोचतात तेव्हा अंगात 300 ते 400 वॅटची शेगडी पेटलेली असते. सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाने अंगावर येणारा वारा ती उष्णता उडवून नेतो. घाटात वेग ताशी सातवर येतो, वारा थांबतो आणि तेवढ्याच मेहनतीत माणूस घामाने निथळतो. चढावर माणूस दमतो त्यात या उकाड्याचाही भाग असतो. म्हणून घाटाच्या पायथ्याशी थांबून पाणी प्यावे, वर पोचल्यावर पिऊ असे म्हणू नये.

चालणे महाग का पडते

चालताना दर पावलाला आपल्या शरीराचा मध्य काही सेंटीमीटर वर उचलला जातो आणि पुन्हा खाली येतो. खाली येताना सुटलेली ऊर्जा पूर्ण परत मिळत नाही. पुढचे पाऊल टेकते तेव्हा ते क्षणभर शरीराला अडवते, आणि ती अडलेली गती मागच्या पायाला पुन्हा द्यावी लागते. म्हणजे दर पावलाला थोडा ब्रेक आणि थोडा धक्का. त्यात भर म्हणून सगळे वजन सतत पायांनीच पेलायचे असते. नुसते उभे राहण्यालाही खर्च आहे, हे रेल्वेच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

सायकल हे तिन्ही खर्च वाचवते. वजन सीटवर आणि हॅण्डलवर टेकते. चाक गोल असल्यामुळे शरीर एका पातळीत सरकत राहते. पाऊल टेकण्याचा ब्रेक उरत नाही आणि पाय थांबले तरी फ्रीव्हीलमुळे सायकल पुढे जात राहते. पायांना एकच काम उरते, आणि ते करतात मांडीचे आणि नितंबांचे स्नायू, शरीरातले सर्वांत मोठे.

1973 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एस. एस. विल्सन यांनी याचा हिशेब मांडला. एक किलो वजन एक किलोमीटर न्यायला कोणाला किती ऊर्जा लागते, या मापाने त्यांनी प्राणी आणि वाहने एकाच आलेखावर बसवली. चालणाऱ्या माणसाची जागा ठीकठाक होती. सायकलवरचा माणूस मात्र सगळ्या प्राण्यांच्या आणि सगळ्या यंत्रांच्या पुढे निघाला. चालण्याला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे एक पंचमांशात त्याचे काम भागत होते.

आकड्यात सांगायचे तर 70 किलोच्या माणसाला वारा नसलेल्या सपाट रस्त्यावर ताशी 20 किलोमीटरने जाताना किलोमीटरमागे सुमारे 10 किलोकॅलरी जादा लागतात. एक लिटर पेट्रोलमध्ये 8 हजारांच्या वर किलोकॅलरी असतात. सायकलवरचा माणूस पेट्रोल पचवू शकला असता, तर लिटरला 800 किलोमीटर गेला असता.

रस्त्याचा वाटा

सपाट रस्त्यावर शंभर वॅट खाणारे दोघेच मोठे: रस्ता आणि हवा. आधी रस्ता घेऊ.

रबरी टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि पुढे सरकल्यावर पुन्हा फुगतो. दाबायला जेवढी ऊर्जा लागली तेवढी फुगताना परत मिळत नाही, थोडी रबरातच उष्णता होऊन जाते. चांगल्या टायरवर ताशी वीसच्या वेगाला हा खर्च 20 वॅटच्या आसपास असतो. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो आणि खर्च वाढतो. म्हणून पूर्वी सगळे सांगत, हवा दगडासारखी भरा. हा सल्ला आता मागे पडला आहे, आणि तो मागे पडण्याचे कारण सुंदर आहे.

1888 मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले. तोवर सायकलची चाके भरीव रबराची असत. भरीव चाकाखाली खडा आला की चाक, सायकल आणि स्वार यांना त्या खड्यावरून उचलून जावे लागे. हवेच्या टायरात खडा आत दबून राहतो, वरचे शरीर जवळपास स्थिर जाते. टायर फार कडक भरला की आपण पुन्हा त्या भरीव चाकाकडे जातो. खडबडीत डांबरावर कडक टायर थरथरतो, ती थरथर हातापायांच्या मांसात विरते, आणि विरलेली ऊर्जा आपल्याच शंभर वॅटमधली असते. वरून वेग वाटतो, पण प्रत्यक्षात माणूस हळू जातो आणि जास्त दमतो. शर्यतीतले सायकलपटूही 23 मिलिमीटरचे अरुंद टायर सोडून 28 मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायरांकडे वळले ते यामुळेच. आपल्याकडचे रस्ते पाहता मी तर 28 च्या खाली जाऊच नये असे म्हणेन.

चौकट: हवा किती?
(सुमारे 70 किलो वजनाच्या स्वारासाठी, ट्यूब असलेल्या टायरात)
25 मिमी टायर: 85 ते 90 पीएसआय
28 मिमी टायर: 70 ते 75 पीएसआय
32 मिमी टायर: 55 ते 60 पीएसआय
मागच्या चाकावर वजन जास्त येते, म्हणून पुढे दोन-चार पीएसआय कमी ठेवावे. पावसात दोन्हीकडे आणखी थोडी कमी. टायरवर आणि रिमवर छापलेली कमाल मर्यादा कधीच ओलांडू नये. ट्यूब धड असली तरी हवा हळूहळू झिरपते, त्यामुळे आठवड्यातून एकदा मीटरच्या पंपाने पाहावी. अंगठ्याने दाबून घेतलेला अंदाज इतक्या दाबाला उपयोगी पडत नाही.

साखळी

पायातून निघालेली शक्ती मागच्या चाकापर्यंत नेते साखळी. 1999 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी सायकलची साखळी मोजमापाला लावली. चांगल्या परिस्थितीत पायडलवर दिलेल्या ऊर्जेपैकी 98 टक्क्यांहून जास्त ऊर्जा पुढे पोचते, असे त्यांना दिसले. उघड्यावर, धुळीत, पावसात चालणाऱ्या एवढ्या साध्या वस्तूचे हे काम थक्क करणारे आहे. रोलर असलेली ही साखळी मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये घडवली आणि तिचा गाभा आजही तोच आहे.

साखळीचा वैरी आहे तेलात मिसळलेली धूळ. रस्त्यावरचे बारीक वाळूचे कण तेलाला चिकटले की ते मिश्रण पॉलिश पेपरसारखे होते आणि कड्यांच्या आतल्या पिना झिजवते. सायकलवाले म्हणतात ‘चेन ताणली’, पण लोखंड ताणले गेलेले नसते. प्रत्येक पीन केसाएवढी झिजते आणि शंभरावर पिनांची झीज मिळून साखळी लांब होते. लांबलेली साखळी दात्यांच्या खाचेत नीट बसत नाही, दात्यांच्या टोकावर चढून त्यांनाही झिजवते.

हे तपासायला स्टीलची फूटपट्टी पुरते. साखळीच्या दोन पिनांमधले अंतर बरोबर अर्धा इंच असते. साखळी ताठ धरून एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवले, तर चोविसावी पीन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. ती 1/16 इंच पुढे गेली असेल तर साखळी बदलावी. 1/8 इंचापर्यंत थांबले तर मागच्या दात्यांचा संचही बदलावा लागतो, आणि तो साखळीच्या कितीतरी पट महाग असतो.

तेल घालण्याची रीतही अशीच साधी आहे. आधी फडक्याने जुने काळे तेल पुसायचे, मग प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल उलटे फिरवत. पाच मिनिटे थांबून बाहेरचे सगळे तेल पुन्हा पुसून टाकायचे. तेल आतल्या पिनांना हवे असते, बाहेर राहिलेले फक्त धूळ गोळा करते. मला हे काम रविवारी दुपारी करायला फार आवडते. हातांना लागलेला काळा रंग दोन दिवस जात नाही, पण सोमवारी सायकल ज्या मुकाट्याने पळते, ती शांतता कमावलेली असते.

पडत का नाही

थांबलेली सायकल पडते आणि चालती पडत नाही, हे आपण लहानपणी गुडघे फोडून शिकतो. फिरत्या चाकाला आपला आस सोडायचा नसतो, म्हणून सायकल उभी राहते, हे उत्तर बरेचदा सांगितले जाते. ते अपुरे आहे. 1970 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी सायकलला उलट दिशेने फिरणारे जादा चाक जोडून हा परिणाम पुसून टाकला, तरी ती चालवता आली. 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी आणखी पुढचा प्रयोग मांडला. त्यांच्या खास बनवलेल्या सायकलीत फिरत्या चाकाचा परिणाम नव्हता आणि पुढचे चाक हॅण्डलच्या आसामागे ओढले जाण्याची रचनाही नव्हती, तरीही ती स्वाराविना सरळ पळू शकली.

महत्त्वाचे असते ते एवढेच, की सायकल ज्या बाजूला कलेल त्या बाजूला पुढचे चाक वळले पाहिजे. चाक वळले की सायकल कललेल्या बाजूच्या खाली सरकते आणि शरीर पुन्हा तोलावर येते. सायकल शिकवणारे वडील मागून ओरडतात, ‘पडतोयस तिकडेच वळव!’, ते शंभर टक्के शास्त्रशुद्ध असते. चांगल्या घडणीची सायकल हे वळणे बरेचसे आपोआप करते. त्यासाठी वेग मात्र लागतो, वेग असेल तर चाक थोडे वळवूनही खालचा आधार पुरेसा सरकतो.

वळणावर याचीच दुसरी बाजू दिसते. उजवीकडे वळायचे तर आधी हॅण्डल क्षणभर किंचित डावीकडे जाते, त्यामुळे सायकल उजवीकडे कलते, आणि मग वळण घडते. सगळे सायकलस्वार हे नकळत करतात. उतारावरच्या वेगात मात्र ते जाणून करावे. वळणाच्या आतल्या बाजूचा हात हलकेच पुढे दाबला की सायकल त्या बाजूला झोपते. बाहेरच्या बाजूचे पायडल खाली ठेवून त्यावर वजन द्यायचे आणि ब्रेक वळणाआधी लावून मोकळे करायचे. दिवे घाटातून उतरताना हे जमले की वळणामागून वळण हातात येत जाते. सायकलस्वारांच्या बोलण्यात उतार एवढा का येतो, हे तेव्हा समजते.

वारा नेहमी समोरूनच का येतो

पुढची तक्रार प्रत्येक सायकलस्वाराची असते: जाताना वारा समोरून आणि येतानाही समोरूनच. ही तक्रार बव्हंशी खरी आहे.

सायकल स्वतःच वारा तयार करते. आपण ताशी 20 ने जात असू आणि हवा स्थिर असेल, तर अंगावर ताशी 20 चा वारा येतो. मागून ताशी 15 चा वारा असला तरी आपल्याला समोरून 5 चा लागतोच. पाठीवर वाऱ्याचा हात जाणवायचा तर वारा आपल्याहून वेगवान हवा, आणि तसे फार क्वचित होते. बाजूचा वाराही फुकट जात नाही. तो आपल्या वेगाच्या वाऱ्यात मिसळून तिरका येतो, एकूण झोत जोरदार होतो आणि त्याचा काही भाग पुढून अडवतोच. दिशांची वाटणी केली तर आपल्याला अडवणाऱ्या दिशा मदत करणाऱ्या दिशांहून जास्त भरतात.

आता याची किंमत पाहू. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. वेग दुप्पट झाला की हवेसाठी आठपट वॅट. माणूस आणि सायकल मिळून 80 किलो धरले आणि हात हॅण्डलवर साधे ठेवले, तर रस्ता आणि हवा मिळून ताशी 20 ला साधारण 55 ते 60 वॅट लागतात. ताशी 30 ला सुमारे 150, आणि ताशी 40 ला 300 च्या वर. ताशी 30 च्या वेगात चारातले तीन हिस्से निव्वळ हवा खाते.

ताशी 15 च्या आसपास रस्त्याचा आणि हवेचा वाटा सारखा असतो, त्याच्या वर हवा बाजी मारते. फ्रान्समधून आलेल्या आणि आता महाराष्ट्रातही रुजलेल्या ‘बीआरएम’ फेऱ्यांत 200 किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. ती सरासरी ताशी 15 च्या जवळ पडते, थांबे धरून. सामान्य माणसाला एवढे लांब जाता येते ते यामुळेच. तो हवेशी भांडायच्या अलीकडे थांबलेला असतो.

जाता-येता वाऱ्याची फिटंफाट होईल अशी आशा बाळगू नये. 40 किलोमीटर जाताना समोरचा वारा असून वेग ताशी 15 पडला आणि परतताना मागून वारा मिळून ताशी 30 झाला, तरी सरासरी साडेबावीस येत नाही. जायला 2 तास 40 मिनिटे आणि यायला 1 तास 20 मिनिटे, मिळून 4 तासांत 80 किलोमीटर, म्हणजे ताशी 20. वाईट वाऱ्यात आपण वेळ जास्त घालवतो, म्हणून तोच जास्त मोजावा लागतो. फिरायला निघताना वाऱ्याच्या तोंडावर निघावे आणि पाय दमल्यावर वारा पाठीशी घेऊन यावे, हा जुन्या सायकलस्वारांचा रिवाज त्यासाठीच आहे. जून ते सप्टेंबर देशावर पश्चिमेचा वारा जोरात असतो. त्या दिवसांत पुण्याहून सकाळी पूर्वेला सोलापूर रस्त्याने खुशीत गेलेल्याला घरी परतताना दुपार होते.

हवेशी लढायचे दोन उपाय आहेत. पहिला, अंग लहान करणे. रोड सायकलचे हॅण्डल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले असते ते याचसाठी. खालच्या भागात हात नेऊन कोपरे वाकवली की छाती वाऱ्याआड जाते. दुसरा उपाय म्हणजे सोबत. पुढच्या सायकलच्या मागे चाकभर अंतरावर राहिले की हवेचा रोध खूप कमी होतो. आइंटहोवेनच्या तंत्रविद्यापीठाच्या बर्ट ब्लोकेन यांच्या चमूने 2018 मध्ये 121 सायकलस्वारांच्या गर्दीचा अभ्यास केला. गर्दीच्या आतल्या भागातल्या स्वाराला एकट्याच्या तुलनेत फक्त 5 ते 10 टक्के रोध सोसावा लागतो, असे त्यांना आढळले. शर्यतीत 200 किलोमीटर एकट्याने गर्दी सोडून कोणी का पळत नाही आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये सगळे का उधळतात, याचा उलगडा या आकड्यात आहे. आपल्याकडे चार-पाच जणांच्या गटात पुढे राहण्याची पाळी बदलत राहिली तरी खूप फरक पडतो. फक्त रस्ता ओळखीचा हवा आणि पुढच्याने ‘खड्डा!’ म्हणून वेळेत ओरडायला हवे. अनोळखी रस्त्यावर चाकाला चाक लावून जाऊ नये.

घाट आणि दाते

सपाटीवर हवा मोठी, चढावर वजन मोठे. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट घ्या, किंवा कोणताही 6 टक्क्यांचा चढ, म्हणजे 100 मीटर गेल्यावर 6 मीटर उंची. 80 किलोचा ऐवज तिथे 100 वॅटवर ताशी 7 किलोमीटरच्या आसपास चढतो. हवेचा रोध या वेगाला नगण्य असतो. घाटाचा रस्ता बांधणाऱ्याने वळणावळणांनी चढ लांबवून तो सोपा करून ठेवलेला असतो. तेवढीच उंची जास्त अंतरात विभागली जाते. सायकलचे गिअर त्याच तत्त्वावर चालतात, फक्त अंतराच्या जागी पायडलचे फेरे येतात.

जुन्या काळ्या एका गिअरच्या सायकलवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 5 मीटर जाते. ताशी 7 ने चढताना मिनिटाला जेमतेम 23 फेरे होतात, आणि पायडलवर सरासरी 25 किलोचा भार द्यावा लागतो. पाय ज्या क्षणी वरून खाली दाबतो तेव्हा तो याच्या दुपटीच्या जवळ जातो. आता पुढचे दाते 34 आणि मागचेही 34 असा गिअर घ्या. एका फेऱ्यात सायकल 2.1 मीटरच जाते. तोच वेग, तीच 100 वॅट, पण मिनिटाला 55 फेरे आणि सरासरी भार 10 किलो. काम तेवढेच झाले, गुडघ्यावरचा जोर निम्म्याहूनही कमी झाला. घाटात सायकल हातात धरून चालणाऱ्याला बरेचदा दम कमी पडलेला नसतो, गिअर कमी पडलेला असतो.

गिअर वापरणे म्हणजे कमजोरी, असे मानणारे पूर्वी खुद्द टूर द फ्रान्समध्ये होते. 1903 मध्ये सुरू झालेल्या त्या शर्यतीने साखळी एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला परवानगी दिली ती 1937 साली. तोवर स्वार घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या दात्यांवर साखळी चढवत.

वजनाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण दुकानात लोक तिच्यापायी पुष्कळ पैसे घालवतात. सायकल एक किलोने हलकी झाली तर 80 किलोत सव्वा टक्का घट होते. तासभराच्या घाटात वाचतात सुमारे 45 सेकंद, आणि सपाटीवर जवळपास काहीच नाही. त्या एका किलोसाठी हजारो रुपये मोजण्यापेक्षा चांगले टायर आणि मागे एक मोठा दाता घ्यावा.

अंगाला बसणे

एवढे सगळे वाचवूनही एक गळती उरते, ती माणूस आणि सायकल जिथे जोडली जातात तिथली. आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय आहे, कारण बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकावे असे वाटते. तसे केले की गुडघा दर फेऱ्याला जास्त दुमडतो, मोठे स्नायू अर्धवटच कामाला येतात आणि दोन तासांत गुडघ्याच्या वाटीत दुखायला लागते. भिंतीला टेकून सीटवर बसावे, टाच पायडलवर ठेवून पायडल तळाला न्यावे. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल दाबले की गुडघ्यात हवा तेवढा थोडासा बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा, हे आठवड्यात अंगवळणी पडते.

लांब पल्ल्यात शेवटी हीच गोष्ट ठरवते. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघाने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, आणि 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पुरी केली. अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, सुमारे 4800 किलोमीटर. इतक्या अंतरात पायांची ताकद संपण्याआधी तळहात, मान आणि बैठक बोलू लागतात.

आवाज ओळखणे

सायकल बिघडण्याआधी सांगते, फक्त तिचा ठेका ऐकता आला पाहिजे. ताशी 25 ला, मिनिटाला 80 फेऱ्यांनी पायडल मारताना चाक पायडलच्या एका फेऱ्यात अडीच वेळा फिरते. म्हणून ‘टक’ असा आवाज पायडलच्या फेऱ्याला एकदा येत असेल, तर पायडल, क्रँक किंवा मधले बेअरिंग पाहावे. चाकाच्या गतीने, म्हणजे जास्त भराभर येत असेल, तर चाकाचा आऊट, सैल स्पोक किंवा टायरमध्ये रुतलेला खडा. उभे राहून पायडल मारल्यावर कुरकुर थांबत असेल तर सीटच्या दांड्याला ग्रीस हवे आहे. आणि पायडलच्या दर दोन-तीन फेऱ्यांनी एकदाच झटका बसत असेल, तर पूर्ण साखळी एकदा फिरायला तेवढेच फेरे लागतात, म्हणजे एखादी कडी आखडलेली आहे. पायडल हळूहळू उलटे फिरवत मागच्या छोट्या चक्राकडे पाहावे. आखडलेली कडी तिथून जाताना सरळ होत नाही, किंचित उडी मारते. तिच्यावर तेलाचा थेंब सोडून दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी ती आडवी दोन-चार वेळा हलवावी. बहुतेक वेळा तेवढ्यावर मोकळी होते.